डोंगरावरची चूल

काटकसर हा शब्द आमच्यासारख्या कुटुंबांतून मोठ्या आदरानें उच्चारला जातो. परंतु ती नेमकी कशाची करावयाची, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. पैशाची, हें उत्तर तयार असतें, आणि घरच्या घरीं तें पुष्कळदां खपूनही जातें. परंतु जेथें दुकान नाहीं, विरजणाला कवडी मागावयास शेजारीण नाहीं, आणि पाठीवर वाहून नेलें तेवढ्यावरच चार माणसांचें जेवण, चहा व पिण्याचें पाणी व्हावयाचें आहे, अशा ठिकाणीं हें उत्तर अपुरें पडतें. २०१९ सालच्या जूनमध्यें मी, माझे दोन पुतणे व धाकटी पुतणी असे आम्ही चौघे हिमाचलांतील हामटा खिंड ओलांडून गेलों. त्या प्रवासाच्या तयारींत सरपणावरून, म्हणजे अर्थात् गॅसवरून, घरांत जो वाद झाला त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

खर्चाचें अंदाजपत्रक थोरल्या पुतण्यानें केलें. तो सनदी हिशेबनीस असल्यामुळें लग्नकार्यापासून गणपतीच्या मोदकांपर्यंत घरांतील सर्व आंकडेमोड त्याच्याकडेच असते, आणि ती तो चोख करतो. प्रवासी शेगडीचा गॅस २३० ग्रॅमच्या लहानशा डब्यांतून मिळतो. वजनाच्या मानानें पाहिलें तर तो घरच्या मोठ्या सिलिंडरमधील गॅसच्या कितीतरी पट महाग पडतो. ही तफावत त्याच्या डोळ्यांस खुपली. त्याच्या एका स्नेह्यानें त्याला तीन रिकामे डबे व एक पितळी तोटी आणून दिली. घरच्या सिलिंडरला ती तोटी जोडावी, डबे भरून घ्यावे आणि हजार-दीड हजार रुपये वांचवावे, असा त्याचा बेत होता.

मीं तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. शिक्षकाची संवय जात नाहीं म्हणतात, तें खरें असावें. मीं त्याला जेवणाच्या पाटावरच धडा दिला. द्रवरूप गॅस उष्णतेनें फुगतो, म्हणून कारखान्यांत डबा भरतांना कांहीं जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. घरीं भरणाऱ्यास ती जागा उरली कीं नाहीं हें नीटसें कळत नाहीं, आणि कांठोकाठ भरलेला डबा पुढें उन्हांत तापला म्हणजे त्याच्या पातळ पत्र्यास तो ताण सोसत नाहीं. शिवाय भरतांना जो थोडाफार गॅस निसटतो तो हवेहून जड असतो. तो वर उडून न जातां जमिनीलगत पसरत जातो, आणि देवघरांतील समईपर्यंत त्याला अडविणारें कोणी नसतें. आणि इतका उपद्व्याप करून ते डबे न्यावयाचे कसे? आगगाडींतून असा गॅस नेण्यास बंदी आहे, विमानांत तर आहेच. डोंगरांत जाणाऱ्यानें आपला गॅस पायथ्याच्या गांवीं विकत घ्यावा, हाच सरळ मार्ग.

“पण काका, पुष्कळ जण भरतात,” तो म्हणाला.

माझ्या पदार्थविज्ञानानें जें झालें नाहीं तें वहिनींच्या एका वाक्यानें झालें. त्या वाढतां वाढतां थांबल्या आणि म्हणाल्या, “ती पितळी वस्तु माझ्या स्वयंपाकघरांत यावयाची नाहीं. आज संध्याकाळीं ज्याची त्याला परत देऊन ये.” आमच्या घरांत या न्यायासनावर अपील नाहीं. तोटी परत गेली.

तथापि हिशेबनिसाचें समाधान झालें नव्हतें. भरणें नाहीं तर नाहीं. पण मग चौघांस पांच रात्रींकरितां दोन डबे पुरेत, असा त्यानें दुसरा आग्रह धरला. दोन पुरतील कीं चार लागतील, हें तोंडानें ठरणारें नव्हतें. म्हणून एक भरलेला डबा विकत आणला, स्वयंपाकघरांतला कांटा गच्चीवर नेला, आणि शेगडी पेटविण्यापूर्वी व विझविल्यानंतर डब्याचें वजन करूं लागलों. घरांतील मुलांना हा नवाच खेळ मिळाला, आणि दोनतीन संध्याकाळीं आमच्या गच्चीला प्रयोगशाळेची कळा आली.

हिशेब अवघड नाहीं. लिटरभर पाणी एका अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे वीस अंशांवरच्या पाण्यास शंभरापर्यंत नेण्यास ऐंशी. एक ग्रॅम गॅस जळला म्हणजे सुमारें ११ किलोकॅलरी मिळतात. तेव्हां सर्व उष्णता पाण्यांतच शिरली असती तर सात-साडेसात ग्रॅमांत आधण यावयास पाहिजे होतें. कांट्यानें आम्हांस दाखविले पंधराच्या आगेमागे, आणि तेंही जिन्याच्या आडोशाला, झांकण ठेवून. उघड्या गच्चीवर वारा सुटला असतां बिनझांकणाच्या भांड्याला तर त्याच्या दुपटीनें लागूं लागला. याचा अर्थ असा कीं, जो गॅस आपण एवढा महाग घेतों त्यांतला निम्मा चांगल्या दिवशींसुद्धां आकाश तापविण्याकडे जातो. पुतण्याला ही गोष्ट तात्काळ पटली. दुकानदारानें दर वजनामागें निम्मा माल काढून ठेवावा, तसेंच हें होतें. गॅस स्वस्त करणें आपल्या हातीं नसलें तरी वाया जाणारा निम्मा भाग थोडाबहुत परत मिळविणें हातीं आहे, हें त्या कांट्यावर आम्हां सर्वांस दिसलें.

तो कसा मिळवावा, हें सांगावयास वहिनी गच्चीवर आल्या. त्यांचें माहेर कोंकणांतलें. लहानपणीं त्यांनीं चुलीवर स्वयंपाक केला, पुढें पुण्यास येऊन वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह आणि रॉकेलच्या रांगा पाहिल्या, आणि मग गॅस. सरपण मोजून वापरण्याची विद्या त्यांना पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं. चुलीला शेजारीं वैल असे, त्याचें मर्म त्यांनीं मुलांना समजावून सांगितलें. मुख्य चुलीवर भाताचें आधण खळखळत असतां जी आंच बाजूनें निसटे ती वैलावरच्या आमटीला मिळे. आणि भाताला उकळी येऊन पाणी आटत आलें कीं भांडें वैलावर सरकवीत, म्हणजे चूल मोकळी होई आणि भात मुरे. आजच्या शेगडीला वैल नाहीं, तर निदान भांडें तरी पसरट बुडाचें घ्या, आणि ज्योत बुडाबाहेर डोकावूं देऊं नका, असें त्यांचें म्हणणें. “ज्योत भांड्याच्या कडेनें वर आली म्हणजे तुम्ही कडी तापवीत असतां, पाणी नव्हे,” हें त्यांचें वाक्य मीं शाळेंत असतांना ऐकलें असतें तर फळ्यावर लिहिलें असतें.

दुसरी गोष्ट झांकणावरच्या पाण्याची. भाजी शिजत असतां झांकणांत पाणी ओतून ठेवण्याची चाल वाचक-भगिनींस सांगावयास नको. भाजी करपत नाहीं, वाफ आंतल्या आंत जिरते, आणि झांकणांतलें पाणी फुकट गरम होतें तें रसाला घालतां येतें. हें झांकण पाहून मला नान्सेनची आठवण झाली, आणि मुलांना मीं त्याची गोष्ट सांगितली. स्टॉकहोम येथील लिंडक्विस्ट यानें १८९२ साली वातीवांचून, रॉकेलची वाफ करून जाळणारा स्टोव्ह केला. तोच प्रायमस, ज्याचे वंशज पुढें आपल्याकडच्या घराघरांतून फुरफुरत होते. नॉर्वेचा संशोधक फ्रित्योफ नान्सेन १८९५ च्या मार्चमध्यें जोहान्सेन या एकाच सोबत्यासह जहाज सोडून बर्फावरून उत्तर ध्रुवाकडे निघाला, तेव्हां त्यानें हा प्रायमस नेला, आणि त्यावर ठेवण्यास ॲल्युमिनियमचें एक भांडें योजिलें. मध्यें शिजविण्याचें भांडें, त्याच्या भोंवतीं कड्यासारखें दुसरें, आणि डोक्यावर तिसरें उथळ. आंतल्या भांड्याला चाटून जी उष्णता वर जाई ती बाहेरच्या व वरच्या भांड्यांतील बर्फ वितळवी. म्हणजे वैल आणि झांकणावरचें पाणी हीं दोन्ही त्यानें एकाच भांड्यांत आणलीं. वहिनींना ही गोष्ट सांगितली तेव्हां त्यांना कांहीं विशेष वाटलें नाहीं. “त्याला लांकडें फोडावीं लागलीं असतील,” एवढेंच त्या म्हणाल्या. बंगालमध्यें इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास काढलेला इक्मिक कुकर याच जातीचा. तळाशीं थोडे निखारे, वर डब्यांची उतरंड, आणि उष्णतेला बाहेर जाण्यास वाट ठेवावयाची नाहीं.

येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. झांकण, आडोसा, पसरट भांडें आणि बेताची ज्योत यांनीं गॅस वांचतो, तेव्हां दोनच डबे घेऊं, असें पुतण्यानें पुन्हां मांडलें. त्याच्या गणितांत चूक नव्हती. २३० ग्रॅमला पंधरा भागले म्हणजे एका डब्यांत साधारण पंधरा लिटर पाण्याला आधण येतें. दोन डब्यांत तीस लिटर. जपून वापरल्यास आणखी थोडें. चौघांना पांच दिवसांत तीस लिटर, म्हणजे माणशीं रोजचें दीड लिटर. त्यांतच स्वयंपाक, चहा व पिणें. तो म्हणाला, एवढ्यांत भागविलें पाहिजे. माझा विरोध येथेंच होता. उष्णता वांचवावी, पाण्यांत मात्र वांचवूं नये.

उंचावर हवा विरळ व कोरडी असते, श्वास जोरानें चालतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर अंगांतलें पाणी बाहेर पडतें. तहान मात्र थंडीमुळें तितकी लागत नाहीं. डोकें दुखूं लागतें, अन्न नकोसें होतें, आणि मनुष्य म्हणतो कीं उंची बाधली. ती बाधतेच, पण पाणी कमी पडलें म्हणजे तिला जोड मिळते. १९५२ च्या मे महिन्यांत स्विस मोहिमेचे लांबेर आणि आपले तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टवर सुमारें ८,४०० मीटरांवर एक रात्र राहिले. त्यांच्यापाशीं स्टोव्ह नव्हता, निजण्याच्या पिशव्याही नव्हत्या. एका मेणबत्तीच्या ज्योतीवर त्यांनीं घोटभर पाण्यापुरतें बर्फ वितळविलें. दुसऱ्या दिवशीं शिखर थोडक्यानें राहिलें. पुढच्या वर्षींच्या ब्रिटिश मोहिमेंत ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञानें आग्रह धरला कीं गिर्यारोहकांनीं भरपूर पाणी प्यालें पाहिजे, आणि त्याकरितां वरपर्यंत स्टोव्ह व तेल पुरेसें गेलें पाहिजे. १९५३ च्या २८ मेच्या रात्रीं तेनसिंग व हिलरी यांच्या तंबूंत स्टोव्ह होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं हिलरीचे बूट गोठून लांकडासारखे झालेले आढळले, तेव्हां ते त्याच स्टोव्हवर धरून मऊ करावे लागले. एव्हरेस्टच्या शिखराशीं बूट शेकण्यास लागलेलें तेल कोणत्या अंदाजपत्रकांत मांडलें असतें?

बर्फ वितळवावयाचें असेल तर हिशेब आणखी कडक होतो. किलोभर बर्फाचें नुसतें पाणी करण्यास ८० किलोकॅलरी लागतात आणि तें पाणी उकळण्यास आणखी शंभर. आमच्या वाटेवर ओढे वाहत असल्यामुळें ही पाळी यावयाची नव्हती. पण ज्यांच्या वाटेवर नसतात त्यांच्याबद्दल स्कॉटची हकीकत मुलांना सांगितल्यावांचून राहवेना. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परततांना त्याला वाटेवरच्या सांठ्यांतले तेलाचे डबे पुरते भरलेले सांपडेनात. डब्यांच्या बुचांना कातड्याच्या चकत्या होत्या. त्या थंडीनें निकामी होऊन तेल निसटून गेलें होतें. आमुंडसेननें आपले डबे डाख लावून बंद केले होते. स्कॉटच्या शेवटच्या छावणीपासून मोठा सांठा अवघ्या ११ मैलांवर होता. त्याच्या मृत्यूचें कारण एकटें तेल नव्हे, अन्न, थंडी, वादळ सर्वच होतें. तरी तेल नाहीं म्हणजे ऊन अन्न नाहीं आणि पाणीही नाहीं, हें त्यांत आलेंच.

पुतण्या बराच वेळ गप्प बसला आणि मग त्यानें चार डबे लिहिले. हिशेबनीस मंडळींचा हा गुण घेण्यासारखा आहे. एकदां रकमेचें कारण पटलें कीं ती खोडीत बसत नाहींत.

आतां चार डबे ठरले म्हणून उधळपट्टी करावयाची नव्हती, आणि शिध्याच्या बाबतींत वहिनींनीं ती होऊंही दिली नाहीं. पूर्वीचा प्रवासी दशम्या, सातूचें पीठ, गूळपापडी असें बांधून घेई, तो कांहीं गांवंढळपणा नव्हे. चूल न पेटवितां दिवस काढण्याची ती सोय होती. वहिनींनीं भाजलेल्या डाळींचें मेतकूट, सातूचें पीठ, सांज्याचा रवा तुपावर भाजून, आणि पातळ पोह्यांचा कोरडा चिवडा दिला. यांतल्या बहुतेकांना एकतर पाणीच नको, नाहींतर उकळतें पाणी ओतून भांडें गुंडाळून ठेवलें कीं झालें. त्यासाठीं त्यांनीं जुन्या घोंगडीचा एक तुकडा कापून भांड्याला अंगरखा शिवून दिला. आंच बंद केल्यावरही त्यांत भात मुरत राही. डाळ मात्र त्यांनीं मुगाचीच दिली, आणि ती सकाळींच डब्यांत पाणी घालून भिजत ठेवावी, चालतां चालतां भिजेल, अशी ताकीद दिली. तूरडाळीचें नांव काढूं दिलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. ३,६०० मीटरांवर पाणी ८८ अंशांच्या सुमारास उकळतें. त्यांत तूरडाळ किती वेळ ठेवली तरी टणकच राहते, आणि गॅस मात्र संपतो. दोन लिटरचा लहान कुकर आम्हीं नेला. त्याचें ओझें धाकट्या पुतण्यानें कुरकुरत वाहिलें. परंतु दाबामुळें त्यांत तेथेंही पाणी शंभर अंशांच्या वर तापतें, आणि ओझ्याची भरपाई पहिल्याच संध्याकाळीं झाली.

एक समजूत मात्र सुशिक्षित घरांतही घट्ट बसलेली आढळते. ती ही कीं पिण्याचें पाणी दहा, पंधरा, वीस मिनिटें उकळावें. त्याची गरज नाहीं. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरतें. दोन हजार मीटरांच्या वर तीन मिनिटें. पुढचें उकळणें म्हणजे वाफ करणें. आणि वाफ फार महाग असते: शंभर ग्रॅम पाण्याची वाफ होऊन जाण्यास जी उष्णता लागते तींत आणखी दोन तृतीयांश लिटर पाण्याला आधण आलें असतें. पाणी एकदां उकळूं लागलें कीं ज्योत वाढवून तें अधिक तापत नाहीं. हें विद्यार्थी परीक्षेंत बरोबर लिहितात आणि घरीं जाऊन विसरतात.

मुक्काम पडला कीं शेगडीची जागा शोधणें हें माझें काम. मोठ्या दगडाच्या आड, वाऱ्याकडे पाठ करून, तीन बाजूंनीं पत्र्याचा आडोसा. हा आडोसा डब्याभोंवतीं पुरता गुंडाळूं नये. शेगडी डब्याच्याच डोक्यावर बसत असल्यामुळें आंतली उष्णता डब्याला लागते, आणि गॅस वांचविण्याच्या नादांत डबा फुटावयाचा. तंबूच्या आंत मी ती पेटवूं देत नसें, थंडी कितीही असो. बंद जागेंतला विषारी वायु दिसत नाहीं, त्याला वासही नसतो. गॅसही थंडीनें आळसतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खालीं वाफ होण्याचेंच थांबतें. म्हणून थंडीसाठीं आयसोब्यूटेन व प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा, रात्रीं तो पांघरुणांत घेऊन निजावें, आणि सकाळीं तो बशीभर कोमट पाण्यांत उभा करावा. कोमट म्हणजे हाताला सोसेल तेवढेंच. धाकटी पुतणी डबा कुशीला घेऊन निजे, आणि त्यावरून तिची थट्टाही पुष्कळ झाली.

खिंड चढून आम्ही पलीकडे शिआगोरूस उतरलों तो दिवस वाईट निघाला. दुपारपासून पाऊस, मग गारा. ओढा ओलांडतांना पुतणी कमरेपर्यंत भिजली होती. तंबू उभा होईपर्यंत तिचे दांत वाजूं लागले, आणि थोड्या वेळानें ती बोलेनाशी झाली, हें मला अधिक भयाचें वाटलें. थोरल्या पुतण्यानें कोणास कांहीं न विचारतां शेगडी पूर्ण सोडली. कोरडे कपडे, गुळाचें गरम पाणी, आणि दोन धातूच्या बाटल्यांत ऊन पाणी भरून त्यांना मोजे घालून तिच्या कुशीशीं व पायांशीं ठेवलें. बाटल्या निवाल्या कीं पुन्हां भरावयाच्या. असें रात्रीं बारापर्यंत चाललें. तिसरा डबा संपला, चौथा उघडला. त्या रात्रीं झांकण कोणी ठेवलें, कोणी विसरलें, आणि मीं कोणास टोकलें नाहीं. मध्यरात्रीच्या सुमारास तिनें “दादा, चहा नाहीं का?” असें विचारलें, तेव्हां आम्ही तिघे एकदमच हंसलों.

छत्रूस खालीं उतरलों तेव्हां चौथ्या डब्यांत निम्म्याहून अधिक गॅस शिल्लक होता. परतीच्या गाडींतून तो नेतां येत नाहीं, आणि कोठें टाकून देणेंही बरें नव्हे. रिकामे तीन आम्हीं बरोबर घेतले. तेथेंच तीन तरुणांची एक तुकडी उलट दिशेनें खिंडीकडे निघाली होती. त्यांच्यापाशीं दोनच डबे होते. उरलेला डबा त्यांना दिला, तेव्हां ते संकोचानें पैसे देऊं लागले. मी नको म्हणणार तोंच आमच्या हिशेबनिसानें खिशांतून वही काढली, डबा हातांत तोलून पाहिला, आणि उरलेल्या ग्रॅमांप्रमाणें किंमत सांगितली.